थेंबमामांचा उतार

माझे मोठे दीर ट्रक चालवतात. यार्डात त्यांना सगळे थेंबमामा म्हणतात, आणि हे नाव त्यांनी डिझेलवर कमावलं आहे. तोच रस्ता, तोच माल, पण बाकीचे चालक जेवढं डिझेल जाळून यायचे त्याहून पुष्कळ कमी जाळून हे परत यायचे. मालक नव्या चालकांना म्हणायचे, "एकदा थेंबमामांच्या शेजारी बसून या." ते बसून यायचे आणि काहीही न शिकता उतरायचे, कारण भावजी गाडी चालवताना बोलत नाहीत. शब्दही थेंबाथेंबानंच खर्च करायचे, असा स्वभाव.

घरात वेगळं काही नाही. आम्ही खालच्या मजल्यावर राहतो, ते वरच्या. त्यांच्या न्हाणीघरात दात घासायची ट्यूब संपली की कात्रीनं उभी चिरली जाते. तेलाची बाटली रिकामी झाली की रात्रभर नव्या बाटलीवर डोकं खाली करून उभी असते. साबणाची चिपटी नव्या वडीच्या पाठीवर चिकटवलेली. आणि भाजी अर्धी शिजली की भावजी स्वयंपाकघराच्या दारातून सांगतात, "गॅस बंद कर आता. झाकण ठेव. उरलेली आपल्या आपण शिजेल."

जाऊबाई मला म्हणतात, "मीसुद्धा ह्या घरात अशीच शिजले बघ. आच बंद, झाकण घट्ट."

जाऊबाई पडदे, उशांचे अभ्रे, शेजारणींचे कपडे शिवतात. त्यांची जीभ त्यांच्या शिवणाच्या सुईसारखी चालते. बाहेर जायचं तर बसनं जातात. भावजींची जुनी स्कूटर दारात उभी असली तरी तिच्यावर बसत नाहीत. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्याच्या घरातल्या अशा गोष्टी गृहीतच धरायच्या असतात.

त्यांची सून भावजींच्याच यार्डात नोकरीला आहे, विजेवर चालणाऱ्या ट्रकांच्या बॅटऱ्या बघते. ती लग्न होऊन आली तेव्हा यार्डात असे दोनच ट्रक होते, आणि ते मागच्या बाजूला, जुन्या टायरांच्या ढिगाजवळ पत्र्याच्या शेडमध्ये उभे असायचे. जाऊबाई ओळख करून देताना म्हणायच्या, "बॅटरीचं काहीतरी करते." मग काय, इमारतीतल्या बायका आपापली बंद पडलेली घड्याळं आणि टीव्हीचे रिमोट तिच्याकडे घेऊन यायला लागल्या. तीही बिचारी सेल बदलून द्यायची.

पण बघता बघता ती शेड मागून पुढे आली. यार्डाच्या दर्शनी जागेवर चार्जिंगचे खांब उभे राहिले. टायरवाल्यानं अर्धं दुकान रिकामं करून दिलं. डिझेलचे पंप दुरुस्त करणारा कोपऱ्यावरचा मिस्त्री विजेचा कोर्स करून आला आणि पाटी बदलून बसला. पलंगाएवढ्या बॅटऱ्या क्रेनला लटकून उतरायला लागल्या आणि त्या विकणारे, इस्त्रीच्या शर्टातले लोक आठवड्याआड यार्डात दिसायला लागले. हा धंदा किती वाढला ते आम्हाला वर्तमानपत्रातून नाही, जाऊबाईंच्या कपाटातून कळलं. आधी एका बॅटरी कंपनीचा कॉफीचा मग आला. मग दुसरीची छत्री, तिसरीच्या पिशव्या. आता त्यांच्या बाहेरच्या खोलीत तीन कंपन्यांची तीन भिंतीवरची घड्याळं आहेत आणि तिन्ही वेगवेगळी वेळ दाखवतात.

"एवढ्या मोठाल्या बॅटऱ्या विकतात," जाऊबाई म्हणतात, "आणि घड्याळात सेल मेलेला घालून देतात."

मग एक दिवस मालकांनी निम्मे डिझेल ट्रक विकायला काढले. त्यांच्या जागी विजेचे येणार होते. जुन्या चालकांपैकी ज्यांना नवी गाडी हवी, त्यांनी चाचणी फेऱ्या द्यायच्या: माल भरून घाट चढायचा, पलीकडच्या शीतगृहात उतरवायचा, तिकडचा माल घेऊन परत यायचं, आणि आल्यावर पाव बॅटरी तरी शिल्लक दिसली पाहिजे. त्याहून कमी घेऊन येणारा माणूस एखाद्या दिवशी घाटातच अडकून बसणार, असा साधा हिशोब. तीन संधी. ज्याला जमणार नाही त्याला यार्डातच दुसरं काम. भावजींच्या वयाच्या माणसासाठी दुसरं काम म्हणजे गेटवरची खुर्ची. बसायचं, दांडा वर करायचा, दुसऱ्यांचे ट्रक आत सोडायचे, दांडा खाली करायचा.

आणि चाचणीची नोंद करणार कोण? सूनबाई.

"सासऱ्याची परीक्षा सून घेणार," जाऊबाई म्हणाल्या. "जग कुठे चाललंय बघ. आमच्या वेळेला सासूबाई माझ्या हातचं मीठसुद्धा चाखून बघायच्या."

"आई, मी फक्त आकडा लिहिणार आहे," सूनबाई म्हणाली.

"सासूबाईही तेच म्हणायच्या."

भावजी मात्र निश्चिंत होते. "डिझेल काय नि वीज काय," ते म्हणाले, "जपून वापरली म्हणजे झालं." यार्डातही कोणाला शंका नव्हती. थेंबमामा सगळ्यांत जास्त बॅटरी वाचवून येणार, हे धरूनच चालले होते. शिकवणीच्या दिवशी भावजी मागच्या बाकावर बसले होते. पडद्यावर चित्रं दाखवणारा मुलगा कंपनीकडून आला होता, म्हणजे छत्र्या आणि घड्याळं वाटणाऱ्यांच्या गटातला. त्याचं बोलणं त्यांनी त्या मानानंच ऐकलं.

पहिल्या फेरीला ते परत आले तेव्हा समोरचा आकडा लाल झालेला होता. पावाच्या कितीतरी खाली.

त्या संध्याकाळी मी वर गेले होते. सूनबाई गप्प जेवत होती, भावजी गप्प जेवत होते, आणि त्यांचा मुलगा, जो दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि घरातल्या भांडणांत कोणाचेच नमुने तपासत नाही, वर्तमानपत्राच्या आड जेवत होता.

"बॅटरीत दोष असेल," शेवटी सूनबाई म्हणाली. "गाडी उतारावर काही परत मिळवतच नसावी. बाबा, तुम्ही उतारावर काय करता?"

भावजींनी घास गिळला. "काय करणार? उतरतो."

झालं. एवढंच विचारलं गेलं आणि एवढंच सांगितलं गेलं. तिला वाटलं, तीस वर्षं घाट उतरलेल्या माणसाला आणखी काय विचारायचं. ह्यांना वाटलं, ह्यात आणखी काय सांगायचं. गाडीतली बारीकसारीक नोंद थेट गाडी बनवणाऱ्यांकडे जायची आणि तिकडून उत्तर यायला महिना लागायचा. सूनबाईला दिसायचे ते दोनच आकडे, जातानाचा आणि आल्यावरचा.

तिनं ती बॅटरी काढून दुसऱ्या ट्रकला बसवली आणि त्या ट्रकची भावजींच्या गाडीला. दुसरा ट्रक मिशांकडे होता. मिशा म्हणजे यार्डातला सगळ्यांत उधळ्या चालक. डिझेल असं प्यायचा की मालक त्याला बघून डोळे मिटायचे. तर मिशा त्या 'दोष असलेल्या' बॅटरीवर घाट ओलांडून आला आणि जवळजवळ निम्मी शिल्लक घेऊन शीळ घालत उतरला. भावजी चांगल्या बॅटरीवर गेले आणि पहिल्यापेक्षाही लाल होऊन आले.

"बॅटरीला सासरे पसंत नाहीत," असं यार्डात कोणीतरी म्हणालं, आणि ते घरापर्यंत आलं.

सूनबाई स्वतःला दोष देत होती. वायरी तपासल्या, जोड तपासले, कंपनीच्या माणसाला फोन करून त्याचं जेवण गार केलं. भावजी तर ज्या दिव्याखाली बसलेले असत तोच दिवा बंद करायला लागले. जाऊबाई खोलीत आल्या की दिवा लावायच्या. त्या बाहेर गेल्या की टक्, पुन्हा अंधार. मालकांनी चांगल्या मनानंच विचारलं होतं की तिसऱ्या फेरीचा त्रास कशाला, गेटवर विश्वासाचा माणूस हवाच आहे.

"गेटची कामं पाळ्यांनी असतात," जाऊबाई खाली येऊन मला म्हणाल्या. "म्हणजे अर्धा दिवस हे घरात. परवा सुट्टी होती, तर माझ्या दोऱ्याच्या रिळांवर उरलेला दोरा किती ते बघत बसले होते. हे रोज झालं तर मी माहेरी जाईन. माहेर आता उरलं नाही, तर तुझ्याकडे येईन."

म्हणाल्या हसत, पण हातातली किल्ली उगाच फिरवत होत्या. जिना चढताना म्हणाल्या, "ट्रकातून उतरलेलं मी ह्यांना कधी बघितलंच नाही गं. बघायची तयारी नाही माझी."

तिसरी फेरी सोमवारी होती. शनिवारी सूनबाईची गाडी दुरुस्तीला गेली म्हणून ती भावजींच्या स्कूटरवर मागे बसून निघाली. जाऊबाई खिडकीतून ओरडल्या, "बघ बाई, तुझी तू जबाबदार!"

आमची इमारत टेकडीवर आहे. पाण्याच्या टाकीपाशी वळलं की खालच्या चौकापर्यंत लांबलचक उतार. टाकीपाशी वळले, आणि स्कूटर बंद पडली. आवाज गेला, नुसता वारा राहिला.

"बाबा, पेट्रोल संपलं का?"

"नाही गं. उतार आहे."

"मग बंद का झाली?"

"मी केली. उतारावर इंजिन कशाला जाळायचं? फुकट जातेय तर जाऊ दे की."

सूनबाई म्हणते, निम्मा उतार ती नुसता हिशोब करत होती. मग हळूच विचारलं, "बाबा, ट्रकसुद्धा असाच नेता?"

"छे! ट्रक बंद केला तर ब्रेक जातील. वेडी आहेस का?" आणि थोड्या अभिमानानं, "न्यूट्रलला टाकतो. वरच्या वळणांवर नाही हां, खालच्या सरळ उतारावर. मालक रागावतात, पण डिझेल वाचतं कुठे, तर तिथेच."

सूनबाई इतक्या जोरात हसायला लागली की चौकातला वाहतूक पोलीस वळून बघायला लागला. तिनं स्कूटर मागे फिरवायला लावली, यार्डात फोन केला की थोडा उशीर होईल, आणि दोघं परत घरी.

मी तेव्हा वरच होते. सगळं ऐकून जाऊबाईंनी कपाळाला हात लावला. "मला का नाही विचारलंस? लग्नानंतर पहिल्यांदा मला फिरायला नेलं, तेव्हा ह्याच उतारावर गाडी बंद केली. मला वाटलं काही प्रेमाचं बोलायचं असेल, म्हणून आवाज थांबवला. मी आपली खालपर्यंत वाट बघतेय. चौक आल्यावर म्हणतात, 'एवढं पेट्रोल वाचलं.' तेव्हापासून मी बस धरली."

भावजी खाली बघत होते, पण त्यांची खरी अडचण वेगळी होती. सूनबाई जे सांगत होती ते त्यांना पटत नव्हतं.

"उतारावर बॅटरी भरते? म्हणजे काय, घसरगुंडीवरून उतरताना पोट भरतं का कोणाचं?"

"बाबा, चढताना मोटर चाकं फिरवते. उतरताना चाकं मोटरला फिरवतात, मग तीच मोटर वीज बनवते आणि बॅटरीत ढकलते. तुम्ही न्यूट्रल टाकलंत की मोटरला फिरवणारं कोणी उरत नाही."

"हे त्या छत्रीवाल्यांनी सांगितलं असणार."

"बाबा!"

ते उठले आणि जिन्याखाली गेले. आम्ही तिघी मागोमाग. जिन्याखाली त्यांची तरुणपणची सायकल आहे, टाकून दिलेली नाही हे सांगायला नको. मागच्या चाकाला डायनॅमो. त्यांनी चाक उचलून धरलं आणि मला म्हणाले, "पायडल फिरवा जरा."

मी फिरवलं. हलकं होतं. मग त्यांनी डायनॅमो चाकाला टेकवला. माझ्या हाताला पायडल एकदम जड लागलं आणि पुढचा दिवा पेटला. इतक्या वर्षांनी पेटला, कारण त्याचा बल्बही त्यांनी काढून कापसात जपून ठेवला होता आणि येताना खिशातून आणून बसवला होता.

भावजी दिव्याकडे बघत राहिले. "हा मी दिवसा काढून ठेवायचो. पाय भरून यायचे."

"बरोबर."

"म्हणजे उतारावर गाडी अशी जड व्हायला पाहिजे."

"हो बाबा."

"जड झाली की ब्रेक कमी दाबायला लागणार. आणि जड झाली ती सगळी आत जाणार."

"हो."

त्यांनी चाक खाली ठेवलं. दिवा विझला. बराच वेळ ते सायकलच्या सीटवरची धूळ पुसत राहिले. "म्हणजे दोन्ही फेऱ्यांना मी घाटभर सांडत आलो," ते म्हणाले. "अख्खा उतार सांडला."

"आता रडू नका," जाऊबाई म्हणाल्या. "तेही पाणी वायाच जाईल."

डोक्यात शिरलं, पण हाताचं काय? हाताची सवय तीस वर्षांची. रविवारी दुपारी जाऊबाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं, शेजारच्या स्टुलावर पातेल्याचं झाकण ठेवलं, त्याची मूठ म्हणजे ट्रकचा न्यूट्रल टाकायचा गोल खटका. "हं, घाट चढलात. वळणं संपली. आता सरळ उतार." आणि भावजींचा हात आपोआप मुठीकडे. "हात!" जाऊबाई ओरडायच्या. हात मागे. पुन्हा उतार, पुन्हा हात. मी भाजीचं भांडं परत द्यायला वर गेले होते, तर मलाही सहा उतार उतरायला लागले.

शेवटी जाऊबाई मशीनवर बसल्या आणि जुन्या पडद्याच्या जाड कापडाचं एक टोपडं शिवलं. लहान बाळाचं असतं तसंच, फक्त खटक्याच्या मापाचं, आणि खाली असा चिवट हूक की दोन्ही हात लावल्याशिवाय निघायचा नाही. "हे घाला त्याला. हात गेला तरी आत काही शिरणार नाही."

सोमवारी आम्ही दोघीही यार्डात गेलो. जाऊबाई इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मालकांनी सांगितलं होतं की शेवटच्या फेरीला सूनबाईनं स्वतः गाडीत बसावं, पण परीक्षा आहे, तोंड उघडायचं नाही. ती वर चढली, तिनं आरसे बघितले, पट्टा बघितला, आणि खटक्यावरचं टोपडं बघितलं.

"हे चालणार नाही," ती म्हणाली. "खटका झाकायचा नाही. वेळेला सापडला पाहिजे."

"अगं, मी रविवारभर—" जाऊबाई खालून म्हणाल्या.

"आई, घरी तुम्ही म्हणाल ते. इथे नाही." दोन्ही हात लावून तिनं हूक काढला आणि टोपडं सासऱ्यांच्या हातात दिलं. भावजींनी ते घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं. मला वाटलं जाऊबाई आता काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं," आणि माझा दंड दुखेपर्यंत धरला.

पुढचं सूनबाईनं सांगितलेलं. चढ नीट गेला. वरच्या वळणांवरून नीट उतरले. मग शेवटचं वळण संपून तो सरळ उतार आला, आणि भावजींचा हात उचलला गेला. तिनं ओठ दाताखाली धरला. हात खटक्याच्या अगदी वर येऊन थांबला. तिथे त्याला काय करावं कळेना. मग तो हात वळला, खिशात गेला, आणि भावजींनी पडद्याच्या कापडाचं ते टोपडं आपल्याच मुठीवर चढवून मूठ मांडीवर ठेवली. उतार संपेपर्यंत तसेच. हुकाशिवाय, टोपडं घातलेली मूठ.

गाडी जडपणे, स्वतःला सावरत उतरत होती. आणि समोरचा आकडा हलला.

"वाढला," भावजी म्हणाले. गाडी चालवताना ते बोलले.

सूनबाई गप्प. परीक्षा होती.

"बघ, परत वाढला! अगं, हा खाली येतानाच भरतोय!"

"बाबा, रस्त्याकडे बघा," ती म्हणाली. तेवढा नियम तिनं मोडला.

आम्ही गेटपाशी थांबलो होतो. गेटवरची ती खुर्ची रिकामी होती, म्हणून जाऊबाई तिच्यात बसून बघत होत्या. "काही खास नाही," त्या मला म्हणाल्या. "पाठीला टोचते. ह्यांना चालली नसती." तेवढ्यात ट्रक आला, एवढा गुपचूप की दारापाशी येईपर्यंत कळलंच नाही. दांडा वर करायला कोणी नव्हतं, तर जाऊबाईंनीच उठून केला.

पावापेक्षा चांगलीच वर, तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास शिल्लक होती. मिशांनी भावजींना उचललंच. मालकांनी हात मिळवला, गाडीची किल्ली दिली. एकट्या भावजींचा चेहरा पडलेला होता. "वरच्या वळणांवर ब्रेकवर बरंच वाया गेलं," ते म्हणत होते. "तिथे अजून वाचेल."

हल्ली ते यार्डात मिशांच्या पुढे आहेत. नवे चालक त्यांच्या शेजारी बसून येतात तेव्हा शिकूनही येतात, कारण सरळ उतार लागला की थेंबमामा बोलायला लागतात. घरातही हिंडतात तर जिन्याकडे, पाण्याच्या टाकीच्या नळाकडे संशयानं बघत, की हे खाली येताना काही भरतं का. मात्र स्कूटर ते अजूनही टाकीपाशी बंद करतात. ती बिचारी पेट्रोलची, तिच्यात परत काही जात नाही.

गेल्या रविवारी मी खिडकीत होते, तर त्या स्कूटरवर मागे जाऊबाई. साडी सावरून, पर्स पोटाशी धरून. टाकीपाशी वळले आणि आवाज बंद झाला.

संध्याकाळी मी धावत वर गेले. "ताई, मग? बोलले काही?"

"बोलले."

"काय?"

जाऊबाई मशीनमध्ये दोरा ओवत होत्या. ओवून झाल्यावर म्हणाल्या, "म्हणाले, टोपडं बरं शिवलं होतंस."

"आणि मग?"

"मग चौक आला. मग पेट्रोलचं बोलले."